उजव्या पिंजऱ्यातलं गाजर

७ सप्टेंबर

प्रिय आत्या,

नमस्कार. पत्रात आधी खुशाली आणि मग विशेष लिहायचं असतं असं बाबा म्हणाला. पण आज नुसतं विशेषच आहे. तू पाठवलेले उंदीर पोचले!

दोन्ही जिवंत, दोन्ही पांढरे, आणि खोक्यातून बाहेर आल्याबरोबर दोघांनी विज्ञानाच्या बाईंच्या टेबलावर जे उरकायचं ते उरकून घेतलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाई याच वर्षी आल्यात, त्यांना अजून रागावता येत नाही. ओरडायला तोंड उघडतात आणि मधेच हसू फुटतं, मग ओरडणं राहूनच जातं.

तुझी चिठ्ठी बाईंनी मोठ्याने वाचली. 'उंदरांना नावं ठेवू नयेत' या वाक्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढी कडक आत्या मला कुठून मिळाली असं त्यांना वाटलं असणार. पण ऐकलंय तुझं. डावीकडच्या पिंजऱ्यातला तो डावा, उजवीकडच्यातला, शेपटीवर तुझी शाईची खूण असलेला, तो उजवा. डाव्याला धान्य, भाजी, शेंगदाणे, सगळं चौरस. उजव्याला फक्त बिस्किटं आणि साखरेचं पाणी. रोज वजन करायचं आणि दोन महिन्यांनी सगळ्या शाळांचं विज्ञान प्रदर्शन आहे, तिथे तक्ता लावायचा. तक्त्यासमोर उभं राहून बोलणार कोण? मी! घरी मला टकळी म्हणता ना, शेवटी त्या टकळीचाच उपयोग झाला.

पण पहिल्याच दिवशी भांडण. आमच्या वर्गात एक वकील आहे. म्हणजे मुलगाच आहे, पण वकील. तो उठून म्हणाला, "बाई, उजव्याला विचारलं का?" बाई म्हणाल्या, "काय विचारायचं?" तर म्हणतो, "बिस्किटांनी तब्येत बिघडते हे आपल्याला आधीच माहीत आहे. माहीत असलेलं दाखवायला एका जिवाला आजारी पाडायचं, याला त्याची परवानगी आहे का?" यावर मागच्या बाकावरून दगड म्हणाला, "उंदीर तो उंदीर. घरात निघाला तर हाच वकील आधी खुर्चीवर चढेल." दगडाला दगड का म्हणतात ते कळलं असेलच.

मग बाईंनी 'बाजूबदल' घ्यायला लावला. ही त्यांची पद्धत आहे. मत द्यायच्या आधी प्रत्येकाने समोरच्याची बाजू मांडायची, ती सुद्धा मनापासून. वकिलाला उंदरांच्या विरुद्ध बोलावं लागलं आणि दगडाला उंदरांच्या बाजूने. दगड उभा राहिला आणि म्हणाला, "त्याला भूक लागत असेल." आणि बसला. सगळे हसले.

शेवटी ठरलं की प्रयोग करायचा, पण उजव्याची तब्येत जरा जरी बिघडली तरी थांबायचं. तुला पटतं का? तुमच्या औषधांच्या संस्थेत उंदरांना कोण विचारतं?

तुझी,
टकळी

ता. क. फोनवर लगेच झालं असतं सगळं, पण तू फोनवर बोलू देत नाहीस.

१४ सप्टेंबर

चि. टकळीस,

अनेक आशीर्वाद. फोनवर तू बोलतेस आणि पत्रात विचार करतेस, म्हणून पत्र. शिवाय फोनवर मला मधे बोलायला मिळत नाही.

उंदीर सुखरूप पोचले हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे जास्त झालेले उंदीर शाळांना द्यायची पद्धत आहे, त्यात विशेष काही नाही. आपण फार गाजावाजा करू नये.

आमच्याकडे उंदरांना कोण विचारतं? कुणीच नाही. त्यांच्या वतीने एक समिती विचारते. याने खरंच नवीन काही कळणार आहे का? कमी उंदरांत भागेल का? दुखणार असेल तर ते कमी कसं करणार? उत्तरं पटली नाहीत तर कागद परत. तुमच्या वकिलाचा पहिला प्रश्न समितीच्या पहिल्या प्रश्नासारखाच आहे, हे त्याला सांग. पण लगेच सांगू नकोस, डोक्यावर बसेल. थांबायचं आधीच ठरवलंत, हे मात्र शहाणपणाचं केलंत.

नावांबद्दल मी कडक आहे ती उगीच नाही. नाव ठेवलं की हात थरथरतो आणि हात थरथरला की आकडा चुकतो. वीस वर्षांत हे शिकले. डावा-उजवा पुरे.

उजव्याला रात्री गारठू देऊ नका, पिंजऱ्यात कागदाच्या पट्ट्या घाला. त्याला डाव्यापेक्षा थंडी जास्त वाजते.

तुझ्या बाबाला म्हणावं, बहिणीला स्वतःही कधी चार ओळी लिहाव्यात.

तुझी,
आत्या

३० सप्टेंबर

प्रिय आत्या,

पट्ट्या घातल्या. उजव्याने त्यांचं घरटं केलं, आता नुसतं नाक दिसतं.

पण एक गडबड आहे. आमच्या वर्गात मोजपट्टी नावाची मुलगी आहे, जी वहीचा समाससुद्धा दोनदा मोजते. वजनं तीच घेते. ती म्हणते की तराजू बिघडलाय. बाईंनी दुसरा आणला. तो पण बिघडलाय.

कारण उजवा मस्त आहे! अंगावर तकाकी, डोळे लकलक, चाकावर चढला की उतरायचं नाव नाही. आणि डावा, ज्याला आपण सगळं चौरस देतो, तो गोल झालाय. चाकावर बसतो, पण चाक फिरत नाही. चाकाचा त्याने पाट केलाय.

बाई डोकं धरून बसल्यात. म्हणजे तक्त्यावर काय लिहायचं? 'मुलांनो, बिस्किटं खा, साखरेचं पाणी प्या, निरोगी व्हा'? दगड म्हणाला की असा तक्ता लावलात तर बघायला सगळ्यात जास्त गर्दी होईल.

असं का झालं असेल, आत्या? आम्हाला तर काहीच कळत नाहीये. मला तर अजिबातच.

तुझी,
टकळी

७ ऑक्टोबर

चि. टकळीस,

तुझं पत्र मी आमच्या जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवलं. बिस्किटांवर उंदीर असा धष्टपुष्ट होत असेल तर आमची संस्था बंद करून बिस्किटांचा कारखाना काढावा असं सगळ्यांचं मत पडलं.

माझं मत वेगळं आहे. तुझ्या पत्राच्या कोपऱ्यावर केशरी डाग आहे. मी त्याचा वासही घेतला. 'मला तर अजिबातच' हे वाक्य तू दोनदा गिरवलं आहेस. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय तुला बाबाकडून आली, आमच्या घरात ती फक्त त्यालाच होती.

कंपासपेटीत गाजर कधीपासून ठेवतेस?

आत्या

१३ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

दुसऱ्या आठवड्यापासून.

आता सगळं सांगते. उजव्याला रोज बिस्किट देताना तो आधी हात हुंगायचा. बिस्किटाच्या आजूबाजूला आणखी काही आहे का ते बघायचा आणि मग, नसलं की, खायचा. एके दिवशी मला ते बघवेना. गाजराचं एक टोक दिलं. एका टोकाने काय होतं, असं वाटलं. घालणारी मी एकटीच तर आहे!

तर ऐक. गेल्या रविवारी शाळा बंद, रविवारचं खाणं द्यायला शिपाईकाका असतात. मी कंपास घेऊन मागच्या बाजूने प्रयोगशाळेच्या खिडकीशी गेले, तिची कडी लागत नाही. आत वाकून बघते तर दगड! पाठमोरा बसलेला, उजवा त्याच्या तळहातावर, आणि दगड त्याला उकडलेल्या अंड्यातला पिवळा बलक बोटाने भरवतोय. आणि बोलतोय काय, "सावकाश, सावकाश, कुणी काढून घेत नाही."

मी खिडकीतून धपकन आत पडले. तो उडालाच. आम्ही एकमेकांकडे बघतोय तोवर दार उघडलं आणि मोजपट्टी आली, हातात काकडी. मोजपट्टी! तिने वजनं घेतली होती सगळी! तिच्यामागे आणखी दोघी. मग एक जण बिस्किटांचा पुडा घेऊन. आम्ही म्हटलं, अरे, उजव्याला बिस्किटं मिळतातच की. तो म्हणाला, "त्याला नाही, डाव्याला. त्या बिचाऱ्याच्या नशिबी कधी गोड नाही." तसे डाव्याचे कैवारी पण निघाले, एक नाही, चांगले पाच-सहा. म्हणून तो गोल!

सगळ्यात शेवटी शिपाईकाका डोकावले आणि म्हणाले, "रांगेत या रे, रांगेत. रोज एकेकटे येता, आज सगळे एकदम?" म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथे खाऊ घालणाऱ्यांना खवखवत होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच.

आत्या, आम्ही इतके हसलो की डावा घाबरून पहिल्यांदा चाकावर पळाला.

पण मग हसू संपलं. प्रदर्शनाला थोडेच दिवस राहिलेत. मोजपट्टी म्हणाली, "आकडे मी करते. जसे यायला हवे होते तसे. कुणाच्या बापाला कळणार नाही." ती म्हणाली हे! दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही बाईंना न सांगता बाजूबदल घेतला. वकिलाला खोट्याच्या बाजूने बोलायचं होतं. तो म्हणाला, "नुसती बिस्किटं वाईट, हे खरं आहे का? आहे. मग खोट्या आकड्यांनी खरी गोष्टच सांगितली, तर खोटं उरलं कुठे? नुकसान कुणाचं? उलट खरे आकडे लावले तर लोक बिस्किटं खात सुटतील. म्हणजे खऱ्यानेच खोटं पसरेल." इतकं छान बोलला की सगळे खोट्याच्या बाजूचे झाले. वकीलसुद्धा. नंतर त्याला परत खऱ्याच्या बाजूला यायचं होतं तर स्वतःचाच मुद्दा खोडता येईना.

मला पण खोडता येत नाहीये. तुला येतो का? लवकर लिही. आणि आम्हाला हे नीट व्हायलाच हवंय, का ते विचारू नकोस.

टकळी

१८ ऑक्टोबर

टकळीस,

का ते विचारायची गरज नाही. तक्त्यासमोर उभं राहायचंय, ढाल हवीय, फोटो हवाय. चौदाव्या वर्षी ते साहजिक आहे, पण त्यासाठी आकडे बनवणार असशील तर माझ्याकडून मदतीची अपेक्षा करू नकोस. दोन उंदरांना गाजर घालणं हा भाबडेपणा होता, मी हसून सोडला. आकडे बनवणं हा भाबडेपणा नाही.

माझ्या कामात माणसं ज्या गोळ्या घेतात त्या अशाच तक्त्यांवर विश्वास ठेवून घेतात. एवढं तुला कळायला हवं होतं.

आत्या

२१ ऑक्टोबर

आत्या,

ढाल नकोय मला. ढाल दगडाला दे, त्याला दाराला अडकण म्हणून चालेल.

कुणाला सांगायचं नाही असं वर्गाने ठरवलं होतं, पण आता सांगते. बाईंची नोकरी वर्षापुरती आहे. मी आणि मोजपट्टी तराजू आणायला शिक्षकांच्या खोलीत गेलो तेव्हा हेडसर त्यांना म्हणत होते, "प्रदर्शनात काय करता ते बघू, मग पुढच्या वर्षीचं ठरवू." बाई 'हो' म्हणाल्या आणि आम्हाला बघून लगेच हसल्या, पण हसू नेहमीचं नव्हतं.

आमच्या वर्गाला आजपर्यंत कुणी 'तुम्हाला काय वाटतं' असं विचारलं नव्हतं. त्या रोज विचारतात. आणि आम्ही गाजरं घालून त्यांचीच नोकरी घालवतोय. मोजपट्टी रात्री रडली म्हणे. जी समास चुकला तर पान फाडते, ती आकडे बनवायला तयार झाली, ती ढालीसाठी?

तू पण आधी ठरवलंस आणि मग वाचलंस. समितीत असं चालतं का?

टकळी

२४ ऑक्टोबर

माझ्या टकळे,

नाही चालत. चुकलं माझं. तू लिहिलं होतंस 'का ते विचारू नकोस' आणि मी विचारायच्या ऐवजी स्वतःच उत्तर लिहून टाकलं. लांब बसून नाकाने कांदे सोलायला सोपं असतं. मला माफ कर.

आता तुझ्या वकिलाचा मुद्दा. मला दोन दिवस लागले, म्हणजे पोरगं हुशार आहे.

तो म्हणतो, गोष्ट खरीच आहे, मग आकडे खोटे असले तर काय बिघडलं. ती गोष्ट खरी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? कधीतरी, कुठेतरी, कुणीतरी उंदरांची वजनं केली आणि जशी आली तशी लिहिली. त्या माणसाच्याही डोक्यावर कुणी हेडसर असतील. त्याचीही कुणी लाडकी बाई असेल, जिची नोकरी जाणार असेल. तरी त्याने आलेला आकडा लिहिला, म्हणून आज तुम्हाला 'हे तर माहीतच आहे' असं म्हणता येतं. तुम्ही त्याच्या खऱ्यावर उभं राहून खोटं बोलायला निघालात. पुढची पोरं तुमच्यावर कशी उभी राहणार?

हे झालं आकड्यांचं. पण मला दुसरंच खटकलं. वकिलाने पहिल्या दिवशी काय विचारलं होतं? "उजव्याला विचारलं का?" मग तुम्ही बाईंना विचारलं का? त्यांच्या नावाने, त्यांच्यासाठी, त्यांच्या पाठीमागे खोटं बोलायचं ठरवलंत. उंदराला परवानगी विचारणारा वर्ग बाईंची परवानगी विसरला?

जा आणि सांगा त्यांना. दगडाला शेजारी उभं कर, तो उपयोगी पडेल असं वाटतं.

आत्या

२९ ऑक्टोबर

प्रिय, प्रिय आत्या,

सांगितलं!

तुझं पत्र मधल्या सुट्टीत वाचलं. वकील ऐकून म्हणाला, "हा मुद्दा मला सुचायला हवा होता," आणि दिवसभर त्याचं तोंड उतरलेलं होतं. शेवटच्या तासाला आम्ही उभे राहिलो. मी बोलणार होते, पण गंमत बघ, टकळी बंद पडली. दगडच बोलला. "बाई, आम्ही सगळ्यांनी चोरून खायला घातलं. तुमची नोकरी जाऊ नये म्हणून आकडे बदलणार होतो. आता नाही बदलत." संपलं त्याचं भाषण.

आम्हाला वाटलं, आता आयुष्यात पहिल्यांदा ओरडतात. त्यांनी पर्स उघडली, एक छोटा डबा काढला आणि टेबलावर ठेवला. आत सफरचंदाच्या फोडी होत्या, उंदराच्या तोंडाएवढ्या! "मी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येते," त्या म्हणाल्या, "उजव्यासाठी." आणि हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मग म्हणाल्या, "माझ्या नोकरीची काळजी मी करीन. ती तुमच्या तक्त्यावर लिहायची नाही."

तक्त्यावर मग काय लिहायचं? हे मोजपट्टीला सुचलं. ती म्हणाली, "आपला प्रयोग फसलेला नाही. फक्त उंदीर कोण ते आपल्याला चुकीचं कळलं होतं." आपण उंदरांवर प्रयोग करत नव्हतो, उंदीर आपल्यावर करत होते. एका जिवाला आपल्यासमोर कमी मिळालं तर एक वर्ग काय करतो, हा प्रयोग!

लगेच पेटी ठेवली. नाव न लिहिता प्रत्येकाने चिठ्ठी टाकायची: कुणाला घातलं, काय घातलं, का घातलं. आत्या, वर्गात फक्त एकाने काहीच घातलं नव्हतं. सांग कोण? चिठ्ठ्यांवर नावं नसली तरी अक्षरं ओळखू आलीच. वकील! सगळ्यांनी त्याच्यावर कागदाचे बोळे फेकले. एवढी भाषणं केलीस आणि एक शेंगदाणा नाही? तो लाल होऊन म्हणाला, "नियम वाईट आहे असं मी म्हणत होतो. पण सगळ्यांनी मिळून केलेला होता, म्हणून मोडला नाही." आणि सगळ्यात जास्त कुणी घातलं, तर 'उंदीर तो उंदीर' म्हणणाऱ्याने.

मला तर कळेनासं झालंय की दोघांत चांगला कोण.

तक्ता रंगवायचाय, पळते.

तुझी टकळी

१० नोव्हेंबर

प्रिय आत्या,

तुझ्या उत्तराची वाट न बघताच लिहितेय, राहवत नाही.

प्रदर्शन झालं! आमच्या एका बाजूला ज्वालामुखी, दुसऱ्या बाजूला पण ज्वालामुखी. मधे आम्ही, डावा, उजवा आणि तक्ता: 'दोन उंदरांनी एका वर्गावर केलेला प्रयोग'. हेडसरांनी तो तिथेच पहिल्यांदा वाचला आणि त्यांचा चेहरा असा झाला की बाईंनी माझा हात धरला. मी त्यांना धीर द्यायला हवा होता की त्यांनी मला, कळलं नाही.

दोन परीक्षक होते. एक तरुण, ते म्हणाले, "यात सिद्ध काय झालं? प्रयोग तर तुम्ही बिघडवलात." मी म्हटलं, "हो सर, बिघडवला. कसा बिघडला ते सगळं लिहिलंय. उंदरांबद्दल आम्हाला काहीच कळलं नाही, ते सुद्धा लिहिलंय. आमच्याबद्दल जे कळलं ते शेवटी आहे." दुसऱ्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी चिठ्ठ्या वाचायला घेतल्या. 'डाव्याला बिस्किट दिलं कारण शिस्तीत वाढणाऱ्यांचंही कुणीतरी असावं,' ही वाचून त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग त्यांनी वकिलाला विचारलं, "आणि तू का नाही घातलंस?" त्याने तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी नियम बदलून घे. बोलायला तू लागशील आणि खायला घालायला हा." आणि दगडाकडे बोट दाखवलं. "तुम्ही दोघं एका बाकावर बसा." आजपासून वकील आणि दगड एका बाकावर आहेत. देवा!

पहिला नंबर ज्वालामुखीला. आम्हाला उत्तेजनार्थ, म्हणजे एक पेन आणि टाळ्या.

आता मुख्य. दुसऱ्या दिवशी हेडसर वर्गात आले. ते बाईंकडे न बघता खिडकीकडे बघून म्हणाले, "इतकी वर्षं शाळा चालवतोय. रविवारी, न बोलावता, खिडकीतून आत शिरणारी मुलं मी प्रथमच बघितली. मला वाटतं, बाईंनी पुढच्या वर्षीही असावं." आम्ही ओरडलो, बाकं वाजवली, डावा चाकावर धावला. जाता जाता हेडसरांनी खिशातून घडी केलेला कागद काढला, पेटीत टाकला आणि निघून गेले. बाईंनी उघडला. 'डाव्याला. चहाबरोबरचं बिस्किट. अर्धं. रोज.'

आता सांगायचं एकच राहिलं. प्रयोग संपला, आता दोघांचं काय करायचं? परत पाठवायचे का? बाई म्हणाल्या, ज्यांनी पाठवले त्यांना विचार. आत्या, तुझ्याकडे परत आल्यावर त्यांचं काय होतं? सगळा वर्ग तुझ्या पत्राची वाट बघतोय. खरं लिही.

टकळी

१६ नोव्हेंबर

माझ्या लाडक्या टकळे,

आधी बाईंना माझा नमस्कार सांग. मग हेडसरांना सांग की अर्धं बिस्किटसुद्धा उंदराला जड जातं.

तू म्हणतेस, वकील आणि दगड यांत चांगला कोण. वकील नसता तर उजव्याचा प्रश्न कुणाच्या डोक्यात शिरला नसता. दगड नसता तर उजव्याच्या पोटात काही गेलं नसतं. डॉक्टरीणबाईंनी बाक बरोबर लावून दिला.

परत पाठवू नका. खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहिते. इथे परत आलेल्या उंदरांना ठेवत नाहीत. जे वजनात बसत नाहीत, ज्यांचा उपयोग नाही, त्यांनाही ठेवत नाहीत. ते दोघं भाऊ लहानखुरे निघाले, वजनात बसत नव्हते. त्या आठवड्याच्या यादीत होते.

जास्त झालेले उंदीर शाळांना द्यायची पद्धत आहे असं मी तुला लिहिलं होतं. तशी पद्धत नव्हती. मी पाडली. वर जाऊन अर्ज केला, नियम वाचून दाखवले, एका साहेबांना तीनदा चहा पाजला आणि मग तुमच्या बाईंना फोन करून म्हटलं, उंदीर हवेत का हो शाळेला? त्या भल्या बाई हो म्हणाल्या. तुमचा तो सगळा चौरस आहाराचा प्रयोग मी त्या फोनवर बोलता बोलता सुचवला, दोघांना घर मिळावं म्हणून. आता इथे खरोखरच पद्धत पडली आहे. पुढच्या आठवड्यात आणखी सहा उंदीर दुसऱ्या शाळेत चालले आहेत, आणि आमच्या साहेबांना वाटतं की ही कल्पना त्यांचीच.

त्यांना तुमच्याकडेच ठेवा. दोघांना चौरस, दोघांना कधीमधी गोड, आणि डाव्याला जरा चाकावर पळवा.

सोबत एक चिठ्ठी जोडली आहे. ती पेटीत टाक. मजकूर इथेच सांगते, म्हणजे तुला घडी उघडून बघावी लागणार नाही, उघडशीलच म्हणा. 'दोघांना. इथे असताना. शेंगदाणे, लपवून. उजव्याला रात्री थंडी वाजते म्हणून माझा रुमाल.'

आणि हो, त्यांना नावं होती. मीच ठेवली होती. ती मात्र सांगणार नाही.

तुझी,
आत्या